चौदा महिन्यांच्या वापरानंतर: बिबड्यांच्या विक्रीसाठी व्हॉट्सॲप बिझनेस आणि बाकीची साधने

गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका ताईंचा फोन आला. तुमच्या फेसबुक पानावर बिबड्यांचा (ज्वारीच्या खान्देशी पापडांचा) भाव ३२० रुपये किलो लिहिला आहे आणि तुम्ही ३८० सांगता, ही कोणती रीत, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. ते पान आमच्याच नावाचे आहे, त्यावरचे फोटो आमच्याच गच्चीवरचे आहेत, पण तो भाव मला बदलता येत नाही, कारण त्या पानाचा ताबा आजही दुसऱ्याच्या हातात आहे. फोन ठेवल्यावर मी वही काढली आणि चौदा महिन्यांत या साधनांवर किती गेले व किती आले याचा हिशेब मांडला. तोच इथे सविस्तर लिहीत आहे. ॲप कसे उतरवायचे, खाते कसे उघडायचे हे आता सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे ते सांगत बसत नाही.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला घरीच ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे व नागलीचे पापड आणि कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ तयार करतो. सासूबाई, जाऊबाई, मी आणि हंगामात रोजाने येणाऱ्या चार बाया एवढाच पसारा आहे. ऊन कडक असेल तोवरच वाळवण होते, म्हणून वर्षभराची कमाई साधारण माघापासून वैशाखापर्यंतच्या कामावर अवलंबून असते. गावात बहुतेक घरी बिबड्या होतातच, त्यामुळे आमचा खरा ग्राहक गाव सोडून गेलेला खान्देशी माणूस आहे: पुण्या-नाशिकला नोकरीला असलेला, आणि त्याहून जास्त सूरतला उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेला. अमळनेर सूरत–भुसावळ लोहमार्गावर असल्याने ही ये-जा जुनी आहे. या लोकांपर्यंत पोहोचायचे कसे, हाच माझा प्रश्न होता.

पहिली चूक अशी झाली की हे काम मी स्वतः शिकण्याऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी ऑनलाइन जाहिरातीचे काम करणाऱ्या एका संस्थेकडे सोपवले. महिना ६,००० रुपये ठरले. त्यांनी फेसबुक पान, इन्स्टाग्राम खाते आणि गूगलवरचे व्यवसाय प्रोफाइल ही तिन्ही कामे चार दिवसांत करून दिली, तेव्हा मला फार बरे वाटले. ती सगळी त्यांनी स्वतःच्या ईमेलवर उघडली होती, हे मला तीन महिन्यांनी कळले. जाहिरातीवर वेगळे ४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२० रुपये गेले. जाहिरात सूरत, पुणे, नाशिक एवढीच दाखवायची असे मी सांगितले होते, पण त्यांनी ती सबंध महाराष्ट्रासाठी लावली आणि सूरत मात्र त्यातून वगळले गेले, कारण सूरत गुजरातेत आहे. ज्यांनी बिबडी कधी तोंडात घातलेली नाही अशा शेकडो लोकांनी फोटोला अंगठे दिले. त्या काळात प्रत्येक ग्राहकाला मी "आमचा पत्ता कुठून कळला?" असे विचारत होते. जाहिरातीवरून आलेली गिऱ्हाइके नऊ निघाली आणि त्यांनी मिळून १४ किलो माल घेतला. किलोमागे आम्हाला ९० रुपये सुटतात, म्हणजे कमाई १,२६० रुपये आणि तीन महिन्यांचा मिळून खर्च २२,७२० रुपये. हा आकडा पाहिला की मला आजही अन्न गोड लागत नाही, कारण सात जणींनी भर उन्हात उभे राहून कमावलेले ते पैसे होते.

काम थांबवल्यावर पासवर्ड मागितले तर "हस्तांतराचे" ५,००० रुपये सांगण्यात आले. मी ते दिले नाहीत. गूगलच्या प्रोफाइलचा प्रश्न विनाखर्च सुटला. तिथे मालकी मागण्याची सोय आहे, आपण विनंती केली की सध्याच्या मालकाला उत्तरासाठी ३ दिवस मिळतात आणि तो गप्प राहिला तर पुढे स्वतः पडताळणी करून घेण्याचा पर्याय येऊ शकतो. आमच्या बाबतीत तो आला. गल्ली, घरावरची पाटी, मोठे पातेले, वाळत घातलेल्या बिबड्या आणि नोंदणीचा कागद असे सगळे न थांबता एकाच चित्रीकरणात दाखवावे लागले. प्रोफाइल हातात आल्यावर नकाशावरची खूण पाहिली, तर ती त्या संस्थेच्या कार्यालयावर लावलेली होती. फेसबुकचे पान मात्र अजून सुटलेले नाही. ज्यांना अशा कुणाकडून काम करून घ्यायचेच असेल त्यांनी पहिल्या दिवशी आपल्या ईमेलवर, आपल्या समोर बसून खाते उघडून घ्यावे आणि त्यांना फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यावा.

आता व्हॉट्सॲप बिझनेसविषयी, ज्यासाठी हा अनुभव लिहायला घेतला. यासाठी मी वेगळे सिमकार्ड घेतले. त्याच फोनवर घरचे व्हॉट्सॲप आणि धंद्याचे व्हॉट्सॲप शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे नवा फोन लागला नाही. मालाची यादी, म्हणजे कॅटलॉग, मला सुरुवातीला निरुपयोगी वाटला होता. आमच्याकडे जिनसा अकरा, त्यासाठी दुकान मांडायची काय गरज, असे माझे मत होते. ते मत मी मागे घेते. "काय काय आहे, भाव काय?" या एका प्रश्नाला दिवसातून वीस वेळा उत्तर लिहिण्याऐवजी मी यादीचा दुवा पाठवते, आणि भाव बदलला की एकाच जागी बदलते. अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांकही प्रत्येक जिनसेखाली लिहिला आहे, पुण्याचे ग्राहक तो आवर्जून विचारतात. ग्राहकांच्या संवादांना खुणेसाठी जी लेबले लावता येतात, त्यांपैकी "पैसे बाकी" हे एकच मी मनापासून वापरते, आणि तेवढ्याने उधारीची वही निम्मी झाली.

पण सगळ्यात जास्त त्रास ज्याने दिला आणि सगळ्यात जास्त धंदाही ज्याने दिला, ती गोष्ट म्हणजे ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवण्याची सोय. एका यादीत २५६ नावे घालता येतात. पहिल्या हंगामात मी २४० नावे घातली, "बिबड्या तयार आहेत" असा निरोप फोटोसह पाठवला आणि दिवसभर फोनकडे डोळे लावून बसले. सात जणांचे उत्तर आले. दुसऱ्या निरोपाला पाच जणांचे. सूरतची माणसे आता हे खात नाहीत, असा निष्कर्ष मी काढला आणि ज्वारीही कमी भिजवली. पुढे एका रात्री मी निरोपावर बोट दाबून धरले आणि त्याची माहिती उघडली. तिथे निरोप कुणाकुणापर्यंत पोहोचला त्यांची नावे असतात. २४० पैकी ६१ नावे होती.

याचे कारण साधे आहे आणि तरीही ते मला कुणी सांगितले नव्हते: ब्रॉडकास्टचा निरोप फक्त त्यालाच मिळतो, ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे. आपण त्याचा क्रमांक साठवून उपयोग नाही. लोक मागणी नोंदवतात, पैसे पाठवतात, माल खातात, पण क्रमांक साठवत नाहीत. जी माणसे आम्हाला विसरली असे मी समजत होते, त्यांतल्या बहुतेकांना आमचा निरोप मिळालेलाच नव्हता. सुरुवातीला या अटीचा मला राग आला. आता मला ती न्याय्य वाटते, कारण मलाही दिवसभर अनोळखी दुकानांचे निरोप नको असतात.

त्यानंतर सारी मेहनत क्रमांक साठवून घेण्यावर केली. ९०० रुपयांत एक हजार चिकटपट्ट्या छापून घेतल्या आणि प्रत्येक पाकिटावर लावल्या: "हा क्रमांक 'अमळनेर बिबड्या' या नावाने साठवा, पुढचा घाणा निघाला की कळवू." पैसे मिळाल्याच्या निरोपासोबत आमचे संपर्ककार्ड पाठवते, म्हणजे समोरच्याला फक्त एकदा बोट लावावे लागते. ज्येष्ठ मंडळींना मात्र फोन करून, "मावशी, शेजारच्या पोराला सांगा आणि माझा नंबर ठेवून घ्या," असे सांगावे लागते. चार महिन्यांत पोहोचणाऱ्यांची संख्या ६१ वरून १८८ झाली. जाहिरातीच्या २२,७२० रुपयांनी जे झाले नाही ते ९०० रुपयांच्या कागदाने केले.

दुसरा आनंदाचा धक्का घाट्याने दिला. ज्वारी भिजवून, कांडून, आंबवून तिचे पीठ शिजवले की पातेल्यात जो घट्ट घाटा होतो, तो ओल्या कापडावर थापण्याआधी घरातले प्रत्येक जण वाटीत घेऊन वर कच्चे तेल ओतून खाते. एका सकाळी लाकडी काठीने घाटा ढवळताना सासूबाई गल्लीकडे तोंड करून "घाटा व्हयी गया, या वं खावाले" (घाटा झाला, या गं खायला) अशी हाक देत होत्या आणि जाऊबाईंनी त्याचे चाळीस सेकंदांचे चित्रीकरण केले. वाफ, तीळ, लसणाची फोड आणि ती अहिराणी हाक, एवढेच त्यात आहे. भाव नाही, क्रमांक नाही. मी ते स्टेटसला ठेवले. स्टेटस चोवीस तासांनी जाते, पण तेवढ्या वेळात सूरतहून अकरा जणांनी उत्तर दिले, आणि त्यांतल्या तिघींनी वाळलेल्या बिबड्यांबरोबर "घाटा पाठवता येईल का" असे विचारले. तो टिकत नाही, म्हणून पाठवता येत नाही. एका मावशींनी तर उत्तरात नुसता स्वतःचा आवाज पाठवला आणि माहेरच्या गच्चीवरच्या खाटेची आठवण सांगितली. स्टेटसलाही तीच अट आहे, दोन्हीकडे क्रमांक साठवलेला असला तरच ते दिसते, त्यामुळे चिकटपट्टीचे पैसे इथे दुसऱ्यांदा वसूल झाले. तेव्हापासून प्रमाण मराठीतली सजवलेली जाहिरात मी बंद केली आहे आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे सगळे निरोप अहिराणीत जातात.

इन्स्टाग्रामविषयी माझे मत अजून बनलेले नाही. आमचे ग्राहक तिथे खरेदीला येत नाहीत. पुतणीला हौस आहे म्हणून खाते चालू आहे, पैसे एक रुपयाही टाकत नाही. गूगल प्रोफाइलला ५ पैकी ४, व्हॉट्सॲप बिझनेसला साडेचार. अर्धा गुण यासाठी कापला की साठवलेल्या क्रमांकाची अट यादी करतानाच ठळक अक्षरांत समोर आली असती, तर माझा एक हंगाम वाचला असता.

नाशिकच्या ताईंना दोन किलो बिबड्या जुन्या भावानेच दिल्या. फरकाचे १२० रुपये मी वहीत त्या फेसबुक पानाच्या खात्यावर लिहिले आहेत. पार्सल बांधण्याआधी त्यांना संपर्ककार्ड पाठवले आणि क्रमांक साठवायची विनंती केली. परवा नागलीच्या पापडांचा निरोप गेला, तेव्हा पोहोचलेल्यांच्या यादीत त्यांचे नाव होते.