पाण्याची किंमत मोजली, प्रेमाची नाही : एका फँटसी मालिकेसोबतचे नऊ महिने

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाची धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी आली, तेव्हा तिच्या बॅगेत तीन जाडजूड पुस्तकं होती. इंग्रजी यंग अॅडल्ट, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या, फँटसीची मालिका, तीन भाग मिळून साधारण चौदाशे पानं. नववीच्या निकालाचं बक्षीस म्हणून पैसे मीच दिले होते. आता संक्रांत झाली. या नऊ महिन्यांत पहिला भाग मी तीनदा वाचला, दुसरा दोनदा आणि तिसरा एकदाच, तोही भाचीसोबत बोलता यावं म्हणून. मालिकेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे मी शेवटासकट सगळं सांगणार आहे आणि ज्यांचं वाचन अर्ध्यावर आहे त्यांचा रस मला घालवायचा नाही. ज्यांनी वाचली आहे ते दोन परिच्छेदांत ओळखतील.

आधी जे आवडलं ते, कारण ते खरंच फार आवडलं.

मिठाच्या पठारावर वसलेलं एक शहर आहे. सोळा वर्षांच्या नायिकेला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. आपल्याकडे पाणाड्या नारळ किंवा कडुलिंबाची फांदी घेऊन शेतात फिरतो, तशी ती अनवाणी फिरते. पण तिच्या या विद्येला किंमत आहे. एक झरा सापडला की जगातला एक आवाज तिच्यासाठी कायमचा बंद होतो. पहिल्यांदा रातकिडे जातात. मग शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा. मग आईच्या बांगड्या. शहराला पाणी हवं असतं आणि दर विहिरीमागे ही पोरगी थोडी थोडी बहिरी होत जाते. पुढचा आवाज कोणता जाईल हे तिला आधी कळत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी पाऊल टाकताना ती घाबरते आणि आपणही घाबरतो.

हे मला इतकं का भिडलं, तर आमचं घर पांझरेकाठचं. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, फडावर पाटकरी होते. ज्यांना फड पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून उताराने निघालेला पाट, आणि त्या पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दर वर्षी फडातलं पीक बदलायचं, पाण्याची पाळी ठरलेली. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही व्यवस्था तीनशेहून अधिक वर्षं चालत आलेली आहे. पाणी कुणाच्या वाफ्यात किती वेळ जाईल हे पाटकरी बघतो, पिकाची राखण जागल्या करतो, आणि चूक झाली तर दंड होतो, मग तुम्ही कुणीही असा. पाणी फुकट मिळत नाही हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. म्हणून कुठल्या तरी दूरच्या देशातल्या लेखिकेनं पाण्याचा इतका काटेकोर हिशोब मांडलेला पाहून माझा ऊर भरून आला होता. पहिली शंभर पानं मी पहाटे चारपर्यंत वाचली.

मग एकशे बाराव्या पानावर राजपुत्र येतो.

तो तीनशे वर्षांचा आहे, अमर आहे, दिसायला विशीतला, डोळे चांदीचे. पहिल्याच भेटीत तो नायिकेनं दोन वर्षं खपून काढलेला विहिरींचा नकाशा शेकोटीत टाकतो. का टाकतो? तिची परीक्षा घ्यायला. ती चिडते, मलाही राग आला, मला वाटलं आता छान संघर्ष उभा राहणार. पण पंचवीस पानांत ती त्याच्या मनगटाकडे, गळ्याकडे, भिजलेल्या केसांकडे बघायला लागते. जळलेल्या नकाशाचा विषय परत निघतच नाही. तो माफी मागत नाही, ती मागायला लावत नाही. आणि मलपृष्ठावर मात्र मोठ्या अक्षरांत ‘एनिमीज टू लव्हर्स’ आणि ‘स्लो बर्न’, म्हणजे हळूहळू फुलणारं प्रेम, असं छापलेलं. शत्रुत्वातून प्रेम फुलवायचं असेल तर आधी शत्रुत्वाची बेरीज-वजाबाकी व्हायला हवी. कुणाचं काय नुकसान झालं, ते कुणी कसं भरून दिलं, हे दिसायला हवं. इथं एकानं नुकसान केलं आणि दुसरीनं त्याचे डोळे पाहिले, एवढंच घडतं.

मला प्रेमकथांचं वावडं नाही. उलट फँटसीत प्रेमकथा चांगली जमली तर मी ती शोधून वाचते. म्हणूनच इतकं मनाला लागलं.

कारण त्याच पहिल्या भागात एक प्रेमकथा खरोखर उगवलेली होती. विहीर खणणाऱ्याचा मुलगा. त्याच्याकडे गाठी मारलेला दोर असतो, त्यानं तो खोली मोजतो. नायिकेला शेळ्यांच्या घंटा ऐकू येईनाशा होतात, त्या संध्याकाळी तो तिच्या शेजारी बसतो आणि कळप परतत असताना घंटांचा ठेका बोटानं तिच्या तळहातावर वाजवत राहतो. काही बोलत नाही. तीन पानांचा प्रसंग आहे. त्या तीन पानांत मला जे मिळालं ते पुढच्या हजार पानांत मिळालं नाही. तिनं काय गमावलं हे त्या मुलाला ठाऊक आहे, आणि स्वतःला जमेल तेवढं तो परत आणून देतो. पुढे काय होतं? लव्ह ट्रँगलमधून त्याला बाजूला काढायचं म्हणून दुसऱ्या भागात अचानक तो मत्सरी होतो, शत्रूला विहिरींची माहिती विकतो, आणि तिसऱ्या भागात अर्ध्या पानात मरतो. ज्या मुलानं घंटा वाजवल्या तो मुलगा हे करणार नाही. लेखिकेला ते माहीत असणार, कारण तिनंच तो घडवला होता.

दुसऱ्या भागात आणखी एक गोष्ट कळते. राजपुत्र आणि नायिका जन्माआधीपासून एका ‘बंधा’नं बांधलेले आहेत. दोघांनी एकमेकांना निवडलेलंच नाही, ते आधीच ठरलेलं आहे. सोळा वर्षांची मुलगी आपल्या हिमतीवर पाणी शोधत होती, आणि तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी निवड मात्र तिच्या हातात नव्हतीच, असं लेखिका आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगते.

आणि तिसऱ्या भागाचा शेवट. राजपुत्र तिला मिठी मारतो आणि गेलेले सगळे आवाज परत येतात. रातकिडे, घंटा, बांगड्या, सगळे. ते वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. ज्या किमतीवर कथा उभी होती तीच पुसून टाकली. पाण्याच्या प्रत्येक थेंबाचे दाम वसूल करणाऱ्या लेखिकेनं प्रेम मात्र फुकट वाटलं, आणि वर आधीची सगळी उधारीही माफ करून टाकली. माझी खरी तक्रार हीच आहे. प्रेमकथा कच्ची असती तर मी पानं उलटून पुढे गेले असते. इथं तिनं चांगल्या कथेचा बंधाराच फोडला.

मे महिन्यात आमच्याकडे रात्री वीज गेली की सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायला जातो. तिथं भाची टॉर्चच्या उजेडात वाचायची आणि आजीला, म्हणजे माझ्या मायला, मराठी-अहिराणीत सांगायची. माय तिच्या शेजारी पडून हुंकार देत ऐकायची. एका रात्री दुसऱ्या भागातला तो प्रसंग आला. नायिका कोरड्या विहिरीत उतरते, पडते, पाय मोडतो, दोन दिवस खाली अडकते. तिसऱ्या दिवशी राजपुत्र येतो, तिला वर काढतो आणि ओरडतो, माझ्या परवानगीशिवाय उतरलीसच का? नायिकेला वाटतं, किती जीव आहे याचा माझ्यावर. भाचीनं ते अगदी रंगून सांगितलं.

मायनं विचारलं, “तिना पाय मोडना तव्हय तो कोठे व्हता?”

“आजी, तो राजपुत्र आहे. त्याला राज्याचं काम होतं.”

“काम तं मना घरमा बी व्हतं,” माय म्हणाली, आणि मग तिनं जी गोष्ट सांगितली ती मीही पहिल्यांदाच ऐकली. माझी मोठी बहीण, म्हणजे भाचीची आई, तीन महिन्यांची असताना मायला ताप भरला होता. नानांची रात्रीची पाळी होती. गव्हाच्या फडाला पाणी चालू. नाना त्या रात्री दोनदा पाट सोडून घरी आले, कपाळावरची पट्टी बदलली, बाळाला झोळीत घातलं आणि परत गेले. तेवढ्यात कुठे तरी पाट फुटला आणि पाणी भलत्याच शेतात गेलं. पंचांनी नानांच्या वाट्याच्या धान्यातून दंड कापला. नानांनी घरी एक अक्षर सांगितलं नाही. मायला ते कळलं महिन्याभरानं, नदीवर कपडे धुताना दुसऱ्या बाईकडून.

भाची काही बोलली नाही. टॉर्च बंद करून झोपली.

तिची बाजूही सांगायला हवी, कारण ही पुस्तकं तिच्या वयासाठी लिहिलेली आहेत, माझ्या नाही. ती पंधराची आहे. तिला सुरुवातीला राजपुत्र मनापासून आवडला होता. त्याचं ‘तू माझी आहेस’ हे वाक्य तिनं वहीच्या पहिल्या पानावर चंदेरी पेनानं लिहिलं होतं. श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला, ती परत आली, तेव्हा आम्ही दळण करता करता दोन तास यावर बोललो. तिचं म्हणणं होतं, मावशी, फँटसी आहे, खऱ्या आयुष्यात कोण असं वागतं? मी म्हटलं, पाण्याचे नियमही फँटसीच होते, पण पहिल्या दोन भागांत लेखिकेनं ते एकदाही मोडले नाहीत म्हणून आपण ते खरे मानले. राजपुत्राला मात्र एकही नियम नाही. तो रागावला तर ते प्रेम, गप्प बसला तर ते प्रेम, नकाशा जाळला तर तेही प्रेम. मग प्रेम नसतं तेव्हा तो कसा वागला असता? यावर ती बराच वेळ विचार करत बसली आणि म्हणाली, “नाचाचा प्रसंग तरी चांगला आहे, एवढं तर मान.” ते मी मानलं. नाचाचा प्रसंग सुंदर लिहिलेला आहे. एकमेकांच्या पावलांचा अंदाज घेणं, चुकणं, हसणं. त्या चार पानांपुरता राजपुत्र माणूस वाटतो.

वयाचा मुद्दा मला सोडवत नाही. यंग अॅडल्ट हा शिक्का साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी असतो. आपल्याकडे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठराखालची व्यक्ती बालक ठरते. तीनशे वर्षांच्या पुरुषाला विशीतला चेहरा दिला म्हणून त्याचं वय विशीतलं होत नाही. एकीकडे तीन शतकांचा अनुभव आणि दुसरीकडे सोळा वर्षं, आणि पुस्तकात कुणीही, नायिकेची आईसुद्धा, याबद्दल एक प्रश्न विचारत नाही. अशी पुस्तकं फक्त मुलंच विकत घेतात असंही नाही. पुस्तकांच्या बाजाराची माहिती गोळा करणाऱ्या बोकर या संस्थेनं २०१२ मध्ये पाहणी केली, तेव्हा यंग अॅडल्ट पुस्तकं घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले होते. मोठ्यांच्या आवडीची प्रेमकथा किशोरांच्या कपाटात येऊन बसण्याचं एक कारण मला यात दिसतं. तिसऱ्या भागात दोन प्रसंग असे आहेत की मायसमोर मोठ्यानं वाचताना भाचीनं पानंच उलटली. मुखपृष्ठावर त्याची काहीही सूचना नाही. विकत घेणाऱ्या पालकांनी तिसरा भाग आधी स्वतः चाळावा.

छपाईबद्दल थोडं. अक्षर बारीक आहे, रात्री वाचायला त्रास होतो. नकाशा दोन पानांच्या मधल्या घडीत गेला आहे, त्यामुळे नेमकं शहरच दिसत नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पहिल्या भागाच्या पाठीचा डिंक सुटला आणि वीसेक पानं हातात आली, ती मी सुईदोऱ्यानं शिवली. बाकी दोन भाग ठीक आहेत.

घ्यायची तर पहिला भाग घ्या, एकशे अकराव्या पानापर्यंत मन लावून वाचा आणि तळहातावरच्या घंटांचा प्रसंग शोधून वाचा, तो दोनशे चाळीसच्या आसपास आहे. तेवढ्यासाठी पैसे वसूल आहेत. दुसरा भाग वाचनालयात मिळाला तर बघा. तिसरा घेऊ नका.

दिवाळीत भाचीनं पहिला भाग परत काढला होता. तिची वही माझ्याकडेच राहिली आहे. चंदेरी वाक्य अजून पहिल्या पानावर आहे, तिनं ते खोडलेलं नाही. पण त्याच्या खाली आता घंटांच्या प्रसंगातल्या सहा ओळी निळ्या पेनानं लिहिलेल्या आहेत.

संक्रांतीला ती आली तेव्हा माय तीळ निवडत होती. तिसऱ्या भागातलं तिला आम्ही फारसं काही सांगितलेलं नाही. निवडता निवडता तिनं एकदम विचारलं, “तो दोरवाला पोर्‍या मंग कोठे गया?”

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “आहे ना, आजी. विहिरी खणतोय.”