अमेरिकेतलं ख्रिश्चन कॉलेज: २७,००० डॉलर कर्जापर्यंत ठीक, पुढे नको

'मिशनरी कॉलेज' म्हटलं की आपल्याला मुंबईचं विल्सन किंवा झेवियर्स आठवतं, आणि अनुदानित तुकडीची माफक फी. अमेरिकेतल्या खासगी ख्रिश्चन कॉलेजांचा मामला वेगळा. राहणं-खाणं धरून वर्षाचा छापील आकडा ५०-६० हजार डॉलरवर सहज जातो.

छापील म्हणजे एमआरपी. पूर्ण भरणारे थोडेच. खरा आकडा काढायला कॉलेजच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर आधी भरा. २०११पासून तो ठेवणं सक्तीचं आहे.

खरी मेख अवॉर्ड लेटरमध्ये, म्हणजे किती मदत मिळेल हे सांगणाऱ्या कॉलेजच्या पत्रात असते. स्कॉलरशिप, वर्क-स्टडी आणि कर्ज एकाखाली एक मांडून शेवटी 'एकूण मदत' लिहिलेली असते. पेन घ्या आणि दोन प्रकारच्या ओळी खोडा. 'डायरेक्ट लोन' लिहिलंय ते सगळं सरकारी कर्ज; त्यातल्या 'अनसब्सिडाइज्ड'वर पैसे उचलल्या दिवसापासून व्याज चढतं. वर्क-स्टडी म्हणजे काम केल्यावर मिळणारा पगार, ऑगस्टच्या बिलातून तो वजा होत नाही. उरलेल्या मदतीने बिल किती उतरतं ते पाहा, राहिलेल्या रकमेला चाराने गुणा आणि वर थोडं चढवा, कारण फी दरवर्षी वाढते आणि स्कॉलरशिप बहुधा तेवढीच राहते. चर्चने दिलेल्या रकमेइतकीच भर घालणारी 'चर्च मॅच' छान वाटते, पण तिला वरची मर्यादा असते. शिवाय पहिली काही वर्षं हॉस्टेल आणि मेस सक्तीची असेल, तर बाहेर स्वस्तात राहून पैसे वाचवायचा मार्गही बंद.

आता मर्यादा २७,००० का? आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकार पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढची दोन वर्षं ७,५०० डॉलर कर्ज त्याच्या स्वतःच्या नावावर देतं. बेरीज २७,०००. २०२५-२६च्या ६.३९ टक्के दराने दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे ३०५ डॉलर, शिकताना साठलेलं व्याज वेगळं. शाळेतला शिक्षक किंवा चर्चमधला युवा-सेवक एवढं ओढून नेऊ शकतो.

त्यापुढे पेरेंट प्लस, म्हणजे आई-वडिलांनी काढायचं सरकारी कर्ज येतं आणि हिशोब फिसकटतो. २०२५-२६चा दर ८.९४ टक्के, वर ४.२२८ टक्के फी आधीच कापली जाते: २०,००० मागितले की कॉलेजच्या खात्यात १९,१५४ पोचतात, व्याज मात्र २०,०००वर. १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांना वर्षाला २०,००० आणि मुलामागे ६५,०००ची मर्यादा आहे. ती पूर्ण वापरली तर दहा वर्षांचा हप्ता ८२० डॉलरच्या पुढे, तोही वडिलांच्या किंवा आईच्या नावावर, निवृत्ती तोंडावर असताना.

पाद्री, मिशनरी किंवा ना-नफा संस्थेत जाणाऱ्यांना पीएसएलएफ या सरकारी कर्जमाफी योजनेचा आधार आहे: पात्र नोकरीत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. पण फक्त सरकारी कर्ज. म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या ग्रोव्ह सिटी कॉलेजची फी तुलनेने कमी दिसली तरी एक गोष्ट विसरू नका. ते सरकारी पैसा घेतच नाही, त्यामुळे तिथे कर्ज काढायचं तर खासगीच, आणि त्याला ही माफी नाही.

ख्रिश्चन वातावरणच हवं असेल तर केंटकीतलं बेरिया आधी बघा. १८९२पासून ट्यूशन फी नाही, मात्र कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे आणि कॅम्पसवर काम करावं लागतं. मिसुरीतलं कॉलेज ऑफ द ओझार्क्स आठवड्याला १५ तास राबवून घेतं, पण कर्जाच्या वाटेला जाऊ देत नाही.

मान्यता तपासायला आळस नको. न्यूयॉर्कची अलायन्स युनिव्हर्सिटी २०२३मध्ये मान्यता गेल्यावर बंदच झाली. आणि एच-१बीवर असलेल्या मराठी घरांसाठी: एच-४वरच्या (अवलंबितांच्या व्हिसावरच्या) मुलांना यातलं कुठलंच सरकारी कर्ज मिळत नाही, पेरेंट प्लसही नाही. खासगी कर्जाला बहुतेक ठिकाणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीन लागतो. तो कोण होणार हे अर्ज भरण्याआधी ठरवा, मे महिन्यात डिपॉझिट भरल्यावर नव्हे.