सोसायटीसाठी आपत्ती-तयारी शिबिर: यादी मोलाची, पेटी टाकाऊ

आमच्या इमारतीत हे शिबिर झाल्यापासून आजूबाजूच्या इमारतींतले लोक विचारतायत, "घ्यावं का?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहिते. मी फार्मासिस्ट आहे. त्यामुळे औषधांच्या बाबतीत मी जरा जास्तच चिकित्सा करते, हे धरून वाचा.

दोन प्रशिक्षक येतात. सकाळी घरोघर फिरून फॉर्म भरून घेतात, दुपारी सगळ्यांना बसवून पूर, वादळ आणि उष्णतेची लाट यांबद्दल बोलतात आणि अंधार पडल्यावर मेन स्विच पाडून सराव घेतात. जाताना पेटी देतात. पेटीबद्दल नंतर बोलते.

सगळ्यात चांगला भाग म्हणजे फॉर्म. घरात टॉर्च आहे का, दोरी आहे का, असले प्रश्न त्यात जवळपास नाहीतच. प्रश्न असे: घरात एकटं कोण असतं? जिना उतरायला कोणाला हात द्यावा लागतो? तुम्ही दिवसभर दिसला नाहीत तर कोणाच्या लक्षात येईल? या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गप्प झाले. दुपारी प्रशिक्षक ताईंनी 1995 च्या जुलैमधल्या शिकागोच्या उष्णतेच्या लाटेचं उदाहरण दिलं. तिथे नेहमीपेक्षा 700 हून अधिक माणसं जास्त दगावली आणि त्यांत एकटे राहणारे म्हातारे फार होते. पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसलं की, सारख्याच गरीब असलेल्या शेजारशेजारच्या वस्त्यांमध्येही, जिथे रस्त्यावर राबता होता, दुकानं चालू होती, माणसं एकमेकांकडे जात-येत होती, तिथे मृत्यू कमी झाले.

म्हणून ते घरांच्या जोड्या लावून देतात. लाटेच्या दिवसांत जोडीदार घराने दिवसातून दोनदा दार वाजवायचं. फोन चालत नाही, दारच वाजवायचं. मला हा नियम फार पटला. उष्माघातात माणूस आधी गोंधळतो, असंबद्ध बोलतो, आणि तोच माणूस फोनवर मात्र "मी बरी आहे गं, झोपले होते" म्हणून मोकळा होतो. समोर उभं राहून त्यांना आजचा वार विचारला की लगेच कळतं.

फॉर्ममध्ये एक रकाना मात्र नव्हता: विजेवर चालणारं यंत्र. आमच्याकडे एका आजोबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, लागतो. वीज गेली की बाकीच्यांचे पंखे बंद पडतात, त्यांचा श्वास अडतो. भरलेला सिलिंडर घरात आहे का आणि तो जोडता कोणाला येतो, हे पहिल्या पानावर हवं. तसंच इन्सुलिनचं. वापरात असलेलं बरंचसं इन्सुलिन तीस अंशांच्या आत साधारण महिनाभर फ्रिजबाहेर टिकतं, पण लाटेत बंद घराचं तापमान तिथे थांबत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मनोविकारावरची काही औषधं घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास लवकर होतो. गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. हे मी बोलले तेव्हा प्रशिक्षकांनी लगेच रकाना वाढवला. याचे गुण द्यायलाच हवेत.

पुढे वाद झाला तो या फॉर्मांवरून केलेल्या यादीवरून. ती खाली नोटीस बोर्डावर लावायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कुठल्या घरात म्हातारी बाई एकटी असते, हे कुरिअरवाल्यापासून सगळ्यांनी वाचायचं? तळमजल्यावरच्या काकू स्पष्टच म्हणाल्या, "माझं नाव तिथे दिसलं तर मी फाडून टाकीन." बरोबरच होतं त्यांचं. शेवटी आम्हीच तोडगा काढला. प्रत्येक मजल्याची यादी त्या मजल्यावरच्या दोन घरांत बंद पाकिटात, आणि पूर्ण यादी फक्त सेक्रेटरींकडे. हा प्रश्न प्रशिक्षकांपुढे आधी आलाच नसेल असं वाटत नाही. मग उत्तर तयार का नव्हतं?

सराव झकास. शिट्टीचे तीन लांब आवाज झाले की खाली यायचं. मीटररूममधला मेन स्विच नेमका कुठला, हे वॉचमनशिवाय कोणालाही सांगता आलं नाही, हे तिथेच उघडं पडलं. पाणी चढायला लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची आणि जमिनीखालच्या टाकीचा पंप थांबवायचा, नाहीतर पुराचं घाण पाणी सगळ्यांच्या नळाला येतं. दोन्ही कामं आता नावानिशी वाटून दिली आहेत. गाडी बाहेर काढायच्या हट्टाला पेटणाऱ्यांसाठी एक आकडा: साधारण 30 सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी मोटार उचलतं.

धोक्याची सूचना "ग्रुपवर टाकू की," म्हणणाऱ्यांची समजूतही ताईंनी छान घातली. आजच्या बांगलादेशात 1970 च्या चक्रीवादळात तीन लाखांच्या वर माणसं गेली. त्यानंतर 1972 मध्ये तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, ती आजही भोंगा घेऊन दारोदार जाते आणि धोका वाढेल तसे झेंडे वाढवते. मोबाइलचा टॉवर आडवा झाला तरी झेंडा दिसतो.

आता पेटी. हाताने फिरवायचा रेडिओ आहे, त्याचा दांडा दुसऱ्याच दिवशी लटपटायला लागला. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आहेत, पण एक गोळी किती लिटरला आणि किती वेळ थांबायचं, हे पाकिटावर कुठेच नाही. ओआरएसची मुदत जेमतेम उरलेली. आणि सोबतच्या कार्डावर उष्माघाताखाली छापलंय "पॅरासिटामॉल द्या". हे चूक आहे. तो ताप संसर्गाचा नसतो, गोळीने उतरत नाही, उलट यकृतावर ताण येऊ शकतो. माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला, मानेला-काखेत-जांघेत बर्फ ठेवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. मी त्यांना लेखी कळवलं. "पुढच्या छपाईत बघू," असं उत्तर आलं. तोवर आमच्या कार्डांवर ती ओळ मी मार्करने खोडली आहे.

सहा महिन्यांनी फेरभेट देऊ म्हणाले होते. त्याचा पत्ता नाही, फोनही उचलत नाहीत. दरम्यान दोन भाडेकरू बदलले, म्हणजे दोन जोड्या मोडल्या. यादी आता आम्हीच दर उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर तपासतो.

पाचपैकी साडेतीन देईन. पेटी नसती तर चार दिले असते. घेणार असाल तर फॉर्म आधी मागवून घ्या, त्यात यंत्रांचा आणि औषधांचा रकाना आहे का बघा, यादी कुठे ठेवायची ते सभेत आधीच ठरवा. आणि पेटीशिवाय शिबिर मिळतं का, ते विचारा. आम्हाला "मिळतं की!" असं उत्तर मिळालं, पण पैसे भरून झाल्यावर.