परीक्षणे लिहून जोडउत्पन्न : सांगलीत राहून कोणता मार्ग धरावा?

घरी बसून वस्तूंची परीक्षणे लिहिली तर महिन्याकाठी चार पैसे सुटतात का, असा प्रश्न सांगली, मिरज, कुपवाड भागात हल्ली वारंवार कानावर येतो. विचारणाऱ्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, दुपारचे दोन तास मोकळे असलेल्या गृहिणी असतात आणि लिहिण्याची आवड जपलेले निवृत्त शिक्षकही असतात. उत्तर होकारार्थी आहे. मात्र ‘रिव्ह्यू लिहिणे’ या एकाच नावाखाली निदान पाच निरनिराळे व्यवहार चालतात आणि त्यांतील दोन सरळसरळ टाळण्याजोगे आहेत. प्रत्येक मार्गाला मी तीन प्रश्न विचारले आहेत: पैसे कोण देतो, नेमके कशासाठी देतो आणि दोन वर्षांनी लिहिणाऱ्याच्या हातात काय उरते. माझ्या मते पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मा निर्णय तिथेच होतो.

टेलिग्रामवरील ‘टास्क’ प्रथम बाजूला काढू. अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर निरोप येतो, गुगल मॅपवर एखाद्या हॉटेलला पाच तारे द्यायला सांगतात आणि दोन-तीन तारांकनांचे शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात जमाही होतात. विश्वास बसला की ‘प्रीपेड टास्क’ येतो, म्हणजे आधी आपण हजार भरायचे आणि तेराशे परत घ्यायचे. पुढे रक्कम वाढत जाते, पडद्यावर नफा दिसतो, पण तो काढायला गेल्यास आणखी ‘कर’ भरण्याची मागणी होते. मॅपवर अभिप्राय लिहिणाऱ्याला गुगल रोख मोबदला देत नाही. लोकल गाइड्स उपक्रमात मिळतात ते गुण आणि बिल्ले. सुरुवातीला आलेले शे-दीडशे रुपयेही अनेकदा दुसऱ्या फसलेल्या माणसाच्या खात्यातून आलेले असतात, त्यामुळे चौकशीत आपलेच खाते गोठवले जाण्याची शक्यता राहते. रक्कम गेलीच असेल तर लाजून गप्प न बसता त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

दुसरा व्यवहार अधिक फसवा आहे, कारण त्यात वस्तू खरोखर घरी येते. याला त्या गटांमध्ये ‘रिव्ह्यू डील’ म्हणतात. विक्रेत्याचा ‘मेडिएटर’, म्हणजे मध्यस्थ, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम गटात वस्तूचा फोटो टाकतो. थेट लिंक न देता ठरावीक शब्द टाकून वस्तू शोधायला सांगतो, म्हणजे शोधयादीत ती वर सरकावी. आपण स्वतःच्या पैशाने ती मागवायची, काही दिवसांनी पाच तारे आणि फोटोसह अभिप्राय लिहायचा, त्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा आणि परत करण्याची मुदत उलटून गेली की ‘रिफंड फॉर्म’ भरायचा. त्यानंतर पूर्ण किंमत किंवा शंभर-दोनशे रुपये ‘लेस’, म्हणजे वजा, करून रक्कम यूपीआयवर येते. वस्तू फुकटात पडली म्हणून सुरुवातीला समाधान वाटते, पण हिशेब नीट मांडला पाहिजे. तीन-चार वस्तूंचे मिळून पाच-सहा हजार रुपये महिना-दीड महिना अडकून पडतात, मेडिएटरचा क्रमांक एके दिवशी बंद झाला तर वस्तू परतही करता येत नाही, आणि मूळ सौदाच संकेतस्थळाच्या नियमांविरुद्ध असल्याने तक्रार करायला तोंड उरत नाही. ॲमेझॉनच्या नियमांनुसार मोबदल्याच्या बदल्यात अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. असे अभिप्राय काढून टाकले जातात आणि लिहिणाऱ्याचे अभिप्राय देण्याचे हक्कही जाऊ शकतात. जुलै 2022 मध्ये याच कंपनीने फेसबुकवरील 10,000 हून अधिक गटांच्या चालकांविरुद्ध दावा दाखल केला, तो अशाच बनावट अभिप्रायांच्या बाजारासाठी.

पैशाची बाजू सोडली तरी मला या मार्गाचा मनापासून राग आहे आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही. जतच्या किंवा कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याने चार हजार तीनशे लोकांचे तारे पाहून फवारणी पंप मागवावा आणि सोयाबीनवर अळी पडलेली असताना दोन टाक्या फवारताच त्याची बॅटरी संपावी, यात ज्यांनी पाच तारे विकले त्या सर्वांचा वाटा आहे.

तिसरा मार्ग म्हणजे मोफत वस्तू घेऊन लिहिणे, आणि त्यात पारदर्शकता असेल तर तो निर्दोष आहे. ॲमेझॉनचा ‘वाइन’ कार्यक्रम आमंत्रणावर चालतो. आधीच्या अभिप्रायांची उपयुक्तता पाहून सदस्य निवडले जातात, वस्तू मोफत मिळते, रोख रक्कम मिळत नाही आणि वाईट अभिप्राय लिहिण्याचे स्वातंत्र्य असते. ज्याला दरमहा फी किंवा वीजबिल भरायचे आहे, त्याच्या हे उपयोगाचे नाही. शिवाय 1 जुलै 2022 पासून व्यवसायाच्या ओघात मिळालेल्या वस्तूंचे मूल्य एकाच देणाऱ्याकडून वर्षात 20,000 रुपयांपेक्षा जास्त झाले, तर त्यावर 10 टक्के उगमस्थानी करकपातीची (टीडीएस) तरतूद आहे. वस्तू परीक्षणानंतर परत केली तर ती लाभात धरत नाहीत, ठेवून घेतली तर धरतात. म्हणून महागडा मोबाइल किंवा कॅमेरा ‘ठेवा तुमच्याकडेच’ म्हणून येतो तेव्हा त्याची नोंद ठेवणे गरजेचे आहे.

खरी निवड उरते ती पुढच्या दोन मार्गांत: शब्दावर दर घेऊन दुसऱ्याच्या संकेतस्थळासाठी लिहिणे, किंवा स्वतःचे संकेतस्थळ अथवा यूट्यूब चॅनेल उभे करणे.

दरावर लिहिण्याचा मोठा फायदा असा की काम दिले की पैसे येतात. एजन्सी किंवा संकेतस्थळाचा मालक विषय, शब्दसंख्या आणि वापरायचे शब्द कळवतो. हजार-बाराशे शब्दांचा मजकूर दोन-तीन दिवसांत पाठवायचा आणि महिनाअखेरीस बिल द्यायचे. पहिला रुपया पहिल्याच महिन्यात दिसतो, भांडवल लागत नाही आणि मराठी शुद्ध लिहिणाऱ्याला इंग्रजीतून आलेल्या ओबडधोबड मजकुराची दुरुस्ती करण्याचे कामही मिळते. अडचण कामाच्या स्वरूपातच आहे. ‘पंधरा हजारांच्या आतील दहा उत्तम वॉशिंग मशीन’ असा लेख मागवला जातो तेव्हा लिहिणाऱ्यासमोर एकही मशीन नसते. ‘दर्जेदार बांधणी’, ‘आकर्षक रंगसंगती’, ‘वापरण्यास सोपे’ ही वाक्ये विक्रेत्याच्या वर्णनातून उचलून फिरवायची, इतकेच हातात राहते. असे काम करूच नये असे माझे म्हणणे नाही, पण लेखात ‘आम्ही वापरून पाहिले’ असे लिहिण्याचा आग्रह झाला तर तिथे ठाम नकार द्यावा. ‘कंपनीने दिलेल्या माहितीनुसार’ एवढे तीन शब्द जोडले की तोच मजकूर प्रामाणिक होतो, आणि समजूतदार मालक ते मान्य करतो. दुसरी अडचण म्हणजे हे लेखन आता एआयकडून फुकटात करून घेता येते, त्यामुळे न पाहिलेल्या वस्तूंवरील मजकुराचा दर टिकणे अवघड आहे. दोन वर्षांनी लिहिणाऱ्याकडे सवय आणि ओळखी उरतात; लेख मालकाचे असतात.

स्वतःच्या संकेतस्थळाचे गणित याच्या नेमके उलट आहे. डोमेनला, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाला, वर्षाला साधारण हजार रुपये लागतात, वस्तू स्वतः विकत घ्याव्या लागतात आणि पहिले काही महिने मिळकत शून्य असते. उत्पन्न मुख्यतः विक्रीवरील कमिशनमधून येते. आपल्या लिंकवरून झालेल्या विक्रीवर कमिशन देणाऱ्या ॲमेझॉनच्या असोसिएट्स योजनेत नोंदणीनंतर 180 दिवसांत तीन पात्र विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खाते बंद होते, आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी त्यात धरली जात नाही. वाचकाने लिंक दाबल्यापासून 24 तासांत वस्तू टोपलीत टाकली तरच सामान्यतः कमिशन पडते. कमिशनचा दर वस्तूगणिक बदलतो. मोबाइलवर तो अगदी थोडा असतो. समजा तीन हजारांच्या पंपावर पाच टक्के धरले, तर एका विक्रीमागे दीडशे रुपये होतात. महिन्याला वीस विक्री झाल्या तरच तीन हजार, आणि वीस विक्रींसाठी काही हजार लोकांनी तो लेख वाचावा लागतो. हे आकडे मन खट्टू करणारे वाटतील, पण त्यात एक गोष्ट दडलेली आहे: चांगला लेख दुसऱ्या वर्षीही कमावतो आणि दरावर लिहिलेला लेख एकदाच.

चॅनेलचा वेग वेगळा आहे. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी यूट्यूबवर 1,000 सदस्य आणि बारा महिन्यांत 4,000 तास पाहणी, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सची, म्हणजे छोट्या व्हिडिओंची, 1 कोटी दर्शने लागतात. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरात उत्पन्नातील 55 टक्के वाटा चॅनेलला मिळतो आणि 100 डॉलर जमल्याशिवाय रक्कम खात्यात येत नाही. बोलायला संकोच नसेल आणि वस्तू चालवून दाखवण्यासारखी असेल तर व्हिडिओ लेखापेक्षा सरस ठरतो, कारण पंपाच्या झाकणातून वाकल्यावर पाणी गळते हे सांगण्यापेक्षा दाखवलेले लगेच पटते. पण चित्रीकरण आणि संपादन मिळून एका व्हिडिओमागे दोन-तीन दिवस जातात. ज्याच्याकडे रोज दोनच तास आहेत त्याने लेखापासून सुरुवात करावी आणि निवडक वस्तूंचेच व्हिडिओ करावेत, असे माझे मत आहे.

विषयाची निवड सर्वांत महत्त्वाची आहे आणि इथे सांगलीत राहण्याचा खरा लाभ होतो. मोबाइलचे परीक्षण मराठीत लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे नवा फोन बाजारात येण्याआधी पोहोचतो, आणि त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. याउलट द्राक्षाची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, ज्याला आपल्याकडे सगळे ब्रिक्स मीटरच म्हणतात, तो घेताना तासगावच्या बागायतदाराला मराठीत उपयोगी मजकूर शोधावा लागतो. हजाराच्या आसपासच्या तीन मीटरची तुलना करायची तर काय करावे लागते ते पाहा. आधी प्रत्येकाच्या काचेवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून रेषा शून्यावर येते का ते बघायचे. येत नसेल तर छोट्या स्क्रूने ती आणता येते का आणि दुसऱ्या दिवशी टिकते का, ते नोंदवायचे. मग एकाच घडाच्या शेंड्याचे, मधले आणि देठाकडचे मणी पिळून तिन्ही मीटरवर वाचन घ्यायचे. सकाळी सातला घेतलेले आणि भर दुपारी घेतलेले वाचन किती फरकाचे येते, यावरून तापमान भरपाईचा दावा कितपत खरा आहे ते कळते. डोळ्याला लावायची रबरी वाटी, उन्हात रेषेची स्पष्टता, डबीतला स्क्रूड्रायव्हर खरोखर बसतो का, हेही लिहायचे. ही माहिती एआयला लिहिता येत नाही आणि मुंबईतल्या एजन्सीला बाग नसते. हळद उत्पादकांची मोजमापाची साधने, ठिबकचे फिल्टर, बॅटरी पंप, बेदाणा शेडमधील तापमान-आर्द्रता मापक ही सारी याच जातीची आहेत.

स्वतःचे नाव लावून लिहिताना कायद्याची बाजू सांभाळणे अवघड नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आणि जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दिलेल्या सूचनांनुसार, मोफत वस्तू, सवलत, कमिशन किंवा पैसे मिळाले असतील तर ते सहज दिसेल अशा जागी, आणि परीक्षणाच्याच भाषेत सांगावे लागते. म्हणजे मराठी व्हिडिओत इंग्रजी हॅशटॅगांच्या गर्दीत खाली कुठेतरी लपवून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी पहिल्या वेळी 10 लाख आणि पुन्हा घडल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानकही आणले. ते ऐच्छिक असले तरी अभिप्राय घेणाऱ्या संकेतस्थळांनी काय पाळावे हे त्यात स्पष्ट आहे. लेखाच्या वरच एक ओळ पुरते: ‘ही वस्तू मी स्वतःच्या पैशाने घेतली आहे, खालील लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते.’ अशी ओळ वाचून वाचक दूर जातो ही भीती निराधार आहे. लपवलेले उघडे पडले की मात्र तो कायमचा जातो.

तेव्हा निवड व्यक्तीवर येते. फी भरायची आहे आणि वाट पाहणे शक्य नाही, अशा विद्यार्थ्याने दरावरचे काम घ्यावे, मात्र आठवड्यातील एक संध्याकाळ स्वतःच्या संकेतस्थळासाठी राखून ठेवावी. घरखर्चाची तातडी नसलेल्या निवृत्त शिक्षकाने किंवा घरी बाग, शेड, दुकान असलेल्या गृहिणीने दरावरच्या कामात वेळ घालवू नये. घरात आधीच वापरात असलेल्या वस्तूंपासून थेट सुरुवात करावी, म्हणजे खरेदीचा खर्चही वाचतो. वेळापत्रक मात्र हंगामाचे ठेवावे. पंपाचा लेख पेरणीआधी, मेच्या अखेरीस चढलेला हवा, आणि ब्रिक्स मीटरचा लेख काढणी सुरू होण्याच्या बराच आधी, डिसेंबरच्या सुरुवातीला. कारण नवा लेख शोधयादीत वर यायला काही आठवडे जातात आणि जानेवारीत माल उतरायला लागला की बागायतदाराला मीटर दुसऱ्या दिवशी हवे असते.