नाकाची वाइन की जिभेची? सोविन्यों ब्लां आणि अल्बारिन्यो

समुद्राजवळच्या थंड मळ्यातली, ड्राय (म्हणजे गोडवा नसलेली), जीभ तरतरीत करणारी व्हाइट वाइन घ्यायची आहे आणि गाडी दोन बाटल्यांवर अडली आहे. एक चिलीच्या कासाब्लांका किंवा लेइदा खोऱ्यातली सोविन्यों ब्लां, दुसरी स्पेनच्या रियास बाइशासची अल्बारिन्यो. दोन्ही नावं द्राक्षांच्या जातींची. आंबट दोन्ही आहेत, त्यामुळे ‘जास्त चटकदार कोणती’ हे विचारून काही हाती लागत नाही. सोविन्यों आधी नाकाला गाठते. अल्बारिन्यो जिभेवर रेंगाळते.

थंडी दोघींना मिळते, पण अगदी उलट वाटांनी. चिलीच्या किनाऱ्यालगत हम्बोल्ट हा थंड प्रवाह वाहतो. त्यावरून आलेलं धुकं सकाळी खोऱ्यात शिरतं आणि बराच वेळ ऊन अडवून धरतं. उन्हाळा मात्र कोरडा. वाइन बनवणारे पाब्लो मोरांदे यांनी 1982 मध्ये कासाब्लांकात वेली लावल्या तेव्हा इतक्या गार जागी द्राक्षं घेणं धाडसाचंच होतं. लेइदा समुद्राच्या आणखी जवळ. तिथे अडचण पाण्याची होती. माइपो नदीतून पाइपने पाणी आणलं, तेव्हा कुठे मळे उभे राहिले.

रियास बाइशास स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसियात. इथे पाऊस पाठ सोडत नाही. म्हणून वेली ग्रॅनाइटच्या खांबांवर मांडव घालून चढवतात. खालून वारा खेळतो, घड ओलीपासून दूर राहतात. अल्बारिन्योची जाड साल बुरशीला तोंड द्यायला उपयोगी पडते. 1988 पासून या प्रदेशाच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे.

गारव्यात द्राक्षातलं मॅलिक आम्ल कमी जळतं, म्हणून दोन्हींत हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा टिकतो. सोविन्योंमध्ये त्याच गारव्याने आणखी एक गोष्ट शिल्लक राहते: पायराझिन, म्हणजे ढोबळी मिरची आणि कापलेल्या गवताचा वास देणारी संयुगं. त्यावर ग्रेपफ्रूट आणि पॅशनफ्रूटचा दरवळ. निर्णय खरं तर इथेच लागतो. हा हिरवा वास काहींना वेड लावतो, काहींना पेला बाजूला ठेवायला लावतो. दुसऱ्या गटात असाल तर पुढचा विचारच नको, अल्बारिन्यो घ्या.

तिचा वास सौम्य: पीच, लिंबाची साल, कधी पांढरी फुलं. गंमत घोटानंतर आहे. तोंडात थोडा भरीवपणा येतो, विशेषतः यीस्टच्या गाळावर ठेवलेल्या बाटल्यांत, आणि शेवटी हलकी कडवट, खारट छटा उरते. ‘समुद्राचं मीठ मुळांतून वर आलं’ वगैरे वर्णनं मात्र कवितेच्या वहीत शोभतात. जमिनीची चव अशी सरळ पेल्यात उतरत नाही.

नुसती, गप्पा मारत प्यायची असेल तर मी सोविन्यों उघडेन. पहिल्याच घोटात ती सगळं सांगून टाकते. जेवणाबरोबर मात्र तिचा वास कधी कधी ताटावर कुरघोडी करतो. बकरीच्या चीजशी तिचं उत्तम जमतं, पण कालवं, ऑक्टोपस, साधा भाजलेला मासा असेल तर माझं मत अल्बारिन्योला. गालिसियाचे लोक तेच खातात आणि तीच पितात, हे उगाच नाही.

वास जवळजवळ नकोच असेल तर तिसरी वाट फ्रान्समध्ये, लुआरच्या मुखाजवळ आहे: म्युस्कादे. लेबलवर ‘स्यूर ली’, म्हणजे ‘गाळावर’, असं असलेली बघा. हलकी आणि कोरडी.

थंड करताना अती करू नका. 8 ते 10 अंश सेल्सियस पुरे. बर्फगार अल्बारिन्यो नुसती आंबट लागते. साधी सोविन्यों वर्षा-दोन वर्षांत संपवलेली बरी, चांगली अल्बारिन्यो चार-पाच वर्षंही छान राहते. म्हणून दुकानात आधी बाटलीवरचं द्राक्षतोडणीचं वर्ष वाचा. मग जागा: चिलीच्या बाटलीवर ‘कोस्ता’, म्हणजे किनारपट्टी, हा शब्द आणि स्पेनच्या बाटलीवर ‘वाल दो साल्नेस’ हे नाव. रियास बाइशासचा हा भाग अगदी समुद्राला लागून, गार आणि ओला. माझी नजर त्याच नावावर जाते.