बुद्धिबळाचा पट: भरीव लाकडाचा की व्हीनियरचा?

घोडबंदर रोडच्या भाच्याला बाल्कनीत पट करायचाय, पण गाडी लाकडावर अडलीय: भरीव घ्यायचं की व्हीनियर, म्हणजे प्लायवर चिकटवायचा लाकडाचा पातळ पापुद्रा?

भरीव पटात करण्याचीच मजा. सागवान आणि बीच (फिकट रंगाचं लाकूड) यांच्या ५० मिमी रुंद चार-चार पट्ट्या आलटून पालटून चिकटवा, वाळल्यावर त्या फळीच्या आडव्या तेवढ्याच रुंद पट्ट्या कापा, एकाआड एक उलटी फिरवून पुन्हा चिकटवा. ६४ घरं तयार. मात्र प्रत्येक पट्टीत अर्धा मिलिमीटर चुकलं, तर आठव्या घराशी ४ मिमीचा घोळ. रंधा, शिकंजे (क्लॅम्प), टेबल सॉ (टेबलावर बसवलेली यांत्रिक करवत) हवेत, वर शेजाऱ्यांची दुपारची झोप!

व्हीनियरला धारदार कटर, स्टीलची पट्टी आणि प्लाय पुरतो. खर्चही कमी. फक्त खालच्या बाजूलाही व्हीनियर लावा, नाहीतर प्लाय वाकतो.

खरी परीक्षा ठाण्याच्या पावसाळ्यात. लाकूड त्याच्या रेषांना आडवं, म्हणजे रुंदीत फुगतं. माझा पहिला भरीव पट मी हौसेने प्लायवर पक्का चिकटवला; जुलैत मधोमध पापडासारखा वर आला. भरीव पट मोकळाच ठेवायचा, चौकटीलाही गोंद नाही. व्हीनियर अशी नाटकं करत नाही, पण थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. खोल ओरखडा पडला की घासून काढता येत नाही.

भाच्याला म्हटलं, पहिलाच पट आणि जागा बाल्कनीएवढी, तर व्हीनियर घे. हत्यारं असतील आणि पट नातवंडांपर्यंत घासून-पॉलिश करून वापरायचा असेल, तर सागवान.