लेदरचं बिगिनर किट आठ महिने वापरून: शिवणीला पास, कडांना नापास

आठ महिने झाले हे किट वापरतेय. तीन पाकिटं, दोन कार्ड होल्डर, एक चष्म्याचं केस आणि एक बेल्ट एवढं त्यावर करून झालंय, त्यामुळे आता मनापासून लिहू शकते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या प्रकारच्या बऱ्याच डब्यांमध्ये साधारण हेच सामान असतं: चिझल (शिवणीची भोकं पाडायचे दातेरी पंच), सुया, मेण लावलेला दोरा, आरी, ग्रूव्हर (शिवणीची खाच पाडायला), बेव्हलर (कडेचा कोपरा कापायला), लाकडी स्लिकर (कडा घासून चकचकीत करायला), एक छोटा हातोडा आणि चामड्याचे चार तुकडे.

आधी त्या चार तुकड्यांबद्दल, कारण नवीन माणसाचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. एकाही तुकड्यावर लिहिलेलं नाही की ते कुठल्या पद्धतीने कमावलेलं चामडं आहे, आणि माझ्या डब्यात दोन व्हेज टॅन होते नि दोन क्रोम टॅन. हा फरक किती मोठा आहे ते कडा घासायला बसल्यावर कळतं. व्हेज टॅन म्हणजे झाडांच्या सालीतल्या वगैरे टॅनिनने आठवडेच्या आठवडे कमावलेलं, ते जरा ताठ असतं, पाणी पितं, दाबलं की ठसा धरतं आणि कडा घासली की चकचकीत होते. क्रोम टॅन क्रोमियमच्या क्षारांनी एखाद-दोन दिवसात होतं, मऊ नि लवचिक असतं, बॅगेला किंवा अस्तराला मस्त, पण त्याची कडा कितीही घासा, तंतू परत उभे राहतात. मी अर्धा तास एका क्रोमच्या तुकड्याची कडा घासत बसले होते आणि मला वाटत होतं की माझाच हात चुकतोय. ओळखायचं कसं तर ताजा काप बघा, क्रोम असेल तर मधे बरेचदा निळसर-राखाडी थर दिसतो, आणि वर फिनिश नसलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर तो आत मुरून जागा गडद होते. अजून एक, नुसतं 'जेन्युइन लेदर' लिहिलेलं असेल तर त्यावरून दर्जा काहीच कळत नाही, आणि बाँडेड लेदर म्हणजे तर चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा, त्यावर मेहनत घालू नका. फुल ग्रेन, म्हणजे वरचा मूळ थर न घासलेलं, व्हेज टॅनचा लहान तुकडा घ्या, शिकायला तोच बरा.

जाडीचाही घोळ आहे. चारही तुकडे साधारण २ मिमीचे. त्याचं पाकीट केलं की तीन खण एकावर एक येतात आणि घडी बसतच नाही, विटेसारखं जाड होतं. बाहेरच्या भागाला १.२ ते १.५ मिमी, आतल्या खणांना १ मिमीच्या आसपास, आणि बेल्टला ३.५ ते ४ मिमी असं घेतलं तर काम नीट होतं. काही ठिकाणी जाडी औंसमध्ये लिहितात, १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी एवढं लक्षात ठेवा. बेल्टसाठी पोटाकडचं चामडं घेऊ नका, ते ताणतं नि वाकडं होतं, पाठीकडचं घ्या.

आता कौतुक. चिझल खरंच चांगले आहेत. ४ मिमी अंतराचे, एक सहा दातांचा, एक दोन दातांचा. सरळ रेषेला सहावाला, वळणावर दोनवाला, आणि पुढचा ठोका मारताना पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवायचा म्हणजे अंतर बिघडत नाही. फक्त सोबतचा लोखंडी हातोडा बाजूला ठेवा, त्याने चिझलची डोकी चेपतात. नायलॉनची किंवा लाकडी मोगरी घ्या, खाली जाड चामड्याचा टाकाऊ तुकडा ठेवा आणि टेबलाच्या पायाच्या बरोबर वर येईल अशा जागी ठोका, टेबलाच्या मधे ठोकलं तर अर्धी ताकद टेबल हलण्यातच जाते.

सुया पण छान, बोथट टोकाच्या, जशा पायजेत तशाच. भोकं आधीच पाडलेली असतात त्यामुळे टोकदार सुई लागत नाही, उलट ती आतला दोरा चिरते. दोरा मात्र १ मिमीचा दिलाय, ४ मिमीच्या टाक्याला तो अंगावर येतो, ०.६ किंवा ०.८ घेतल्यावर शिवण एकदम निराळीच दिसायला लागली. शिवायची रीत म्हणजे सॅडल स्टिच: एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ठेवतो. मशीनच्या टाक्यात ते होत नाही. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्यायचा आणि वर थोडा जास्त. पहिली कुठली सुई घालायची आणि दुसरी दोऱ्याच्या कुठल्या बाजूने काढायची हे शेवटपर्यंत बदलायचं नाही, एकदा जरी बदललं तरी तिरके टाके तिथेच सरळ पडतात आणि नजर बरोबर तिकडेच जाते. शेवटी दोन टाके उलटे घेऊन दोरा दोनेक मिमी ठेवून कापा नि लायटरने वितळवा, पण हे पॉलिस्टरलाच, लिनन वितळत नाही, तिथे चिकटवायच्या गोंदाचा ठिपका.

इथपर्यंत किट पास. आता कडा.

हाताने केलेल्या वस्तूची कडा कच्ची राहिली की बाकी शिवण कितीही सुंदर असली तरी वस्तू अर्धवट वाटते, आणि नेमकं इथेच हे किट हात वर करतं. बेव्हलर इतका बोथट की कोपरा कापायच्या ऐवजी चामडं गोळा करत पुढे जातो. स्लिकरच्या खाचा खरखरीत, त्यातली लाकडाची कुसळं ओल्या कडेवर ओरखडे पाडतात. पॉलिश पेपर नाही, कडेवर लावून घासायचा गम नाही, मेण नाही, थर चिकटवायचं काँटॅक्ट सिमेंट पण नाही.

मी काय केलं ते सांगते. बेव्हलरच्या खाचेत मावेल अशा जाड तारेवर १००० नंबरचा पेपर गुंडाळला, खाचेतून पंधरा-वीस वेळा ओढला, मग पॉलिशिंग कंपाउंड लावलेल्या चामड्याच्या पातळ कडेवर तसाच ओढला, आता तो सलग दोऱ्यासारखी साल काढतो. स्लिकरच्या खाचा पण पेपरने गुळगुळीत केल्या.

मग क्रम असा. थर शिवायच्या आधी कडेला काँटॅक्ट सिमेंट लावून जोडा, दोन्ही बाजूंना लावायचं, गुळगुळीत बाजू असेल तर आधी ती खरवडायची, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं. घाई केली तर घासताना थर सुटतात. शिवण झाली की २४० च्या पेपरने सगळे थर एका पातळीत आणा, हे अर्धवट सोडलं तर पुढचं सगळं फुकट. मग दोन्ही बाजूंनी बेव्हलर, मग ४०० नि ६००. रंग द्यायचा असेल तर तो इथेच, कारण गम किंवा मेण बसल्यावर रंग आत शिरत नाही. मग बोटाने थोडंसं पाणी किंवा गम ट्रॅगाकँथ (झाडाचा डिंक), मी आता टोकोनोल हे कडा घासायचं तयार मिश्रण वापरते, आणि स्लिकरने हलक्या हाताने भरभर. जोर देऊ नका, जोर दिला की कडा मशरूमसारखी दोन्हीकडे पसरते. घर्षणाची उष्णता आणि ओल यांनी तंतू दबून एकमेकांना चिकटतात, त्यामुळे भिजवून चिंब केली तर चमक येतच नाही, नुसती दमट हवी. चमकली की परत ६००, परत गम, परत घासणं. माझ्या बेल्टला चार फेऱ्या लागल्या आणि ती कडा बोटाखाली काचेसारखी लागते, मला अजूनही येता-जाता हात फिरवावासा वाटतो. शेवटी मधमाशीचं मेण घासून जाड सुती कापडाने चोळा.

क्रोम टॅनला यातलं काही चालत नाही, तिथे एज पेंट, म्हणजे कडेवर थर देऊन लावायचा रंग, पातळ थर, वाळू द्यायचं, पेपर मारायचा, परत थर. किंवा कडा पातळ करून आत दुमडायची.

वरच्या बाजूला नीट्सफूट ऑइल (चामडं मऊ ठेवायचं तेल) अगदी थोडं, कापडाने. बाटलीतून थेट ओतलं तर डाग पडतात आणि चामडं ढिलं होतं. रंग थोडा गडद होतो, म्हणून आधी कापून उरलेल्या तुकड्यावर बघा.

घ्यावं का? चिझल, सुया आणि ग्रूव्हरसाठी घेतलं तर पश्चात्ताप होणार नाही. पण सोबतच चांगलं व्हेज टॅन, बारीक दोरा, मोगरी, काँटॅक्ट सिमेंट, २४० ते ६०० चे पेपर, गम आणि मेण धरूनच हिशोब करा. किटातलं चामडं कापायचा नि भोकं पाडायचा सराव करायला ठेवा. पाच पैकी तीन स्टार देतेय, बेव्हलर धारदार दिला असता तर चार दिले असते.